३६.५ × ७.४ : एका दूध स्लिपवरून दशांश गुणाकाराचं प्रकरण

सांगली जिल्ह्यातल्या एका गावातली सहावीतली मुलगी. घरी दोन जर्सी गायी, सकाळ-संध्याकाळ दूध डेअरीला जातं आणि संध्याकाळची किटली घेऊन जायचं काम बहुतेक वेळा हिचंच. डेअरीत दूध मोजतात, नमुना फॅट मशीनला लावतात आणि छापील स्लिप हातात देतात. माझ्याकडे ती गणिताला येते. दशांश अपूर्णांकांचा गुणाकार चालू होता तेव्हा मी सगळ्या मुलांना सांगितलं होतं की घरातला कुठलाही खरा हिशेब घेऊन या, किराण्याचं बिल चालेल, पेट्रोलची पावती चालेल, फक्त त्यात पॉईंटवाले दोन आकडे गुणलेले पाहिजेत. ती स्लिप घेऊन आली. लिटर ७.४, फॅट ३.५, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) ८.५, दर ३६.५०, रक्कम २७०.१०.

रक्कम दिसू नये म्हणून स्लिप खालून दुमडली आणि म्हटलं, आता सोडवा. वर ३६.५, खाली ७.४. दराचं शेवटचं शून्य मीच काढायला सांगितलं, छत्तीस रुपये पन्नास पैसे म्हणजे साडेछत्तीसच.

हिने दोन्ही पॉईंट नीट एकाखाली एक घेतले. चारने गुणलं, १४६० आले. सातने गुणलं, २५५५ आले, ते एक घर सोडून डावीकडे मांडले, बेरीज २७०१०. इथपर्यंत सगळं बरोबर, हातचे बरोबर, पाढे बरोबर. मग वरचा पॉईंट सरळ खाली उतरवला आणि लिहिलं २७०१.०. शेजारच्या मुलाने लिहिलं २७.०१. तिसऱ्याने लिहिलं २७०.१०. तिघांच्याही वहीत पॉईंटशिवायचा आकडा एकच होता, २७०१०, आणि उत्तरं तीन, लहानापासून मोठ्याकडे लावली तर प्रत्येक आधीच्याच्या दहा पट.

मला हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते यासाठी की दशांश गुणाकारात मुलं चुकली की आपण लगेच म्हणतो पाढे कच्चे आहेत, सराव कमी आहे, अजून वीस गणितं सोडव. इथं पाढ्यांचा काही संबंधच नव्हता. वीस काय दोनशे गणितं दिली असती तरी २७०१.० लिहिणारीने दोनशे वेळा तसंच लिहिलं असतं.

आधी तिघांचं नेमकं काय झालं ते बघू. मुलीला विचारलं पॉईंट इथं का दिलास, तर म्हणाली, "मॅडम, पॉईंटखाली पॉईंट येतो ना." येतो, पण बेरीज-वजाबाकीत. तिथं दशांशात दशांश मिळवतो म्हणून दशांशच राहतात, पॉईंट सरळ खाली येतो. आधीचा महिना दीड महिना तेच शिकवलेलं असतं, तेच डोक्यात घट्ट बसलेलं असतं, आणि गुणाकाराची उभी मांडणी दिसायला तशीच असल्यामुळे ती सवय इथं आपोआप लागू होते. तिची चूक विचार करून केलेली आहे, फक्त विचार दुसऱ्या क्रियेचा आहे.

२७.०१ वाल्याला नियम माहीत होता, पॉईंटनंतरची दोन्हीकडची मिळून दोन घरं. पण त्याने आधी शेवटचं शून्य उडवलं, कारण "पॉईंटनंतरच्या शेवटच्या शून्याला किंमत नसते" हेही त्याला पाठ होतं, आणि मग उरलेल्या २७०१ मधली दोन घरं मोजली. दोन खरे नियम, क्रम उलटा झाला आणि उत्तर दहा पट लहान झालं. हा सापळा फार ठिकाणी येतो. पाच आणि सम आकडा एकमेकांना भेटले की शेवटी शून्य येणारच, २.५ × ०.४ घ्या, १२.५ × ०.८ घ्या, आणि दरात पन्नास पैसे आले की खऱ्या हिशेबातही हे होतं.

२७०.१० वाला बरोबर. त्याला विचारलं दोन घरं का. "नियम आहे." पण तो का आहे. "दोन्हीकडे एक-एक आहे म्हणून." बरं, मग बेरजेत दोन्हीकडे एक-एक असतं तेव्हा दोन घरं का नाही घेत? गप्प. मला खरं सांगायचं तर या बरोबर उत्तराचीही तेवढीच काळजी वाटली, कारण त्याच्या हातून शून्य आधी उडालं असतं तर त्यालाही २७.०१ मिळालं असतं आणि काहीतरी बिनसलंय हे कळायला त्याच्याकडे काहीच साधन नव्हतं. पॉईंट कुठे द्यायचा हे नियम सांगतो, पण दिलेला पॉईंट बरोबर आहे का हे त्याच नियमाने तपासता येत नाही, त्यासाठी दुसरी वाट लागते. मुलांना एकच पद्धत शिकवून मोकळं होऊ नये असं मी म्हणते ते एवढ्यासाठी.

मग तीन उत्तरं फळ्यावर लिहिली आणि कुणाचं बरोबर ते सांगितलं नाही. फक्त विचारलं, सात लिटर दूध, दर छत्तीस रुपये, किती होतील? मुलीने तोंडी सांगितलं, २५२. आणि आठ लिटर, सदतीस रुपयाने? २९६. म्हणजे खरी रक्कम या दोघांच्या मधली असणार, कारण दोन्ही आकडे एकदा खाली ओढले, एकदा वर ढकलले. फळ्याकडे बघून तिने स्वतःच २७०१.० वर बोट ठेवलं. "एवढे तर आमचे पाच दिवसांचे होतात." तिच्या घरी एका वेळच्या दुधाचे साधारण किती होतात हे तिला कधीपासूनचं माहीत होतं, पण वहीतलं गणित आणि डेअरीची स्लिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असंच ती धरून चालली होती.

अंदाज ही पद्धत नाही असं बरेच जण म्हणतात. माझ्या मते दशांश गुणाकारात ती पहिली पद्धत आहे. २७०१० हे अंक क्रमाने मिळाले की पॉईंटला जायला मोजक्या जागा असतात, २७, २७०, २७०१, आणि २५२ ते २९६ च्या मधे यातलं एकच बसतं. घरं मोजायची गरजच पडत नाही. शून्य आधी काढलं काय, नंतर काढलं काय, फरक पडत नाही.

पण अंदाजाने पॉईंटची जागा कळते, तिथंच का ते कळत नाही. त्यासाठी दुसरी वाट घेतली आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. म्हटलं, लिटर आणि रुपया दोन्ही बाजूला ठेवा. ७.४ लिटर म्हणजे १०० मिलीची किती मापं? ७४. छत्तीस रुपये पन्नास पैसे लिटर, मग १०० मिलीचे किती? दहावा भाग, ३ रुपये ६५ पैसे, म्हणजे ३६५ पैसे. आता ७४ मापं, प्रत्येकाचे ३६५ पैसे. गुणा. २७०१०. पैसे! म्हणजे २७० रुपये १० पैसे.

वर्गात क्षणभर कुणी बोललं नाही, मग मुलगी म्हणाली, "म्हणजे मॅडम ते सत्तावीस हजार खरेच होते." खरेच होते. पॉईंट काढून आपण जे गुणतो ती काही तात्पुरती लबाडी नसते, ते लहान मापातलं खरंखुरं गणित असतं. लिटर दहाने लहान केलं, त्यामुळे मापं दहा पट झाली. दर दशांशापर्यंतच होता, पण लिटरचाही दहावा भाग घेतला म्हणून तो शतांशात, पैशात गेला. दहा गुणिले दहा शंभर, म्हणून परत येताना शंभराने भागायचं, म्हणून दोन घरं. आणि शेवटचं शून्य का उडवायचं नाही तेही इथंच कळतं, ते दहा पैशातलं शून्य आहे. दहा पैशाचं नाणं आता चलनात नाही, २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ मधे बंद झाली, पण स्लिपवर पैसे छापतात कारण बिल दहा दिवसांचं एकत्र निघतं आणि तेवढ्यात वीस स्लिपांचे पैसे साठतात.

अपूर्णांकाची रीत म्हणजे हेच, फक्त मापांची नावं न घेता. ३६५/१० × ७४/१० = २७०१०/१००. अंशाला अंश, छेदाला छेद. पुस्तकात ही रीत असते, मुलं ती एकदा वहीत उतरवतात आणि मग कायमची सोडून देतात कारण घरं मोजणं पटकन होतं. मी ती पैशांच्या हिशेबानंतर लगेच घेतली, त्यामुळे छेदातला शंभर कुठून आला हे वेगळं सांगावं लागलं नाही. इथं एक गोष्ट मुलांना सांगितली, ती त्यांना आवडली. युरोपात दशांश अपूर्णांकांची रीत सामान्य लोकांपर्यंत नेली ती सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने, १५८५ साली एका छोट्या पुस्तिकेतून. तो पॉईंट देत नव्हता, प्रत्येक अंकाबरोबर वर्तुळात आकडा लिहायचा, एककाला ०, दशांशाला १, शतांशाला २. त्याचं गुणाकाराचं उदाहरण आपल्या भाषेत ३२.५७ × ८९.४६ असं होतं. शेवटच्या अंकांवरची वर्तुळं २ आणि २, त्यांची बेरीज ४, म्हणून गुणाकाराचा शेवटचा अंक चौथ्या घरातला, २९१३.७१२२. आणि हे का चालतं ते त्याने अपूर्णांकांनीच दाखवलं, शतांश गुणिले शतांश दहासहस्रांश. म्हणजे घरं मोजायचा नियम आणि त्याचं कारण तेव्हापासून एकत्रच होते, शिकवताना आपण कारण गाळतो.

पुढची वाट फोड करायची. ३६.५ चे तीन भाग, ३०, ६ आणि ०.५. ७.४ चे दोन, ७ आणि ०.४. चौकोन आखून सहा घरं केली. वरच्या ओळीत सातने, २१०, ४२, ३.५. खालच्या ओळीत ०.४ ने, १२, २.४, ०.२. वरची बेरीज २५५.५, खालची १४.६, एकूण २७०.१. यात वेळ जातो, पण प्रत्येक तुकडा इतका लहान असतो की तोंडी होतो, आणि पॉईंट शेवटी एकदम कुठंतरी द्यायचा नसतो, तो प्रत्येक तुकड्यात आपापल्या जागी असतो. शिवाय उभ्या मांडणीत पहिल्या ओळीत १४६० का आले होते तेही दिसतं, ते १४.६० आहेत. दुसरी ओळ २५५.५. हिने वहीतली जुनी मांडणी परत काढली आणि दोन्ही ओळींत पॉईंट दिले. हे मी सांगितलं नव्हतं.

एक अडचण मात्र इथंच वर आली. खालच्या ओळीत साडेछत्तीसला ०.४ ने गुणून १४.६ आले, तर २७.०१ वाला मुलगा म्हणाला हे चुकलं असणार, गुणाकार केल्यावर कमी कसं होईल. पहिलीपासून गुणाकार म्हणजे वाढ असंच बघितलेलं असतं, तीन पट, पाच पट. ०.४ पट म्हणजे अर्ध्यालाही कमी, हे शब्दात सांगून कळत नाही. आलेख कागद घेतला, १० × १० चा चौकोन आखला, तो पूर्ण एक धरला. एका बाजूने तीन उभे पट्टे रंगवले, ०.३. दुसऱ्या बाजूने दोन आडवे, ०.२. दोन्ही रंग एकावर एक आले ती घरं सहा, शंभरातली सहा, ०.०६. याआधी ०.३ × ०.२ चं त्याचं उत्तर ०.६ होतं. ०.६ म्हणजे सहा अख्खे पट्टे, ते कागदावर कुठंच दिसत नाहीत. ०.३ चा ०.२ एवढा भाग घ्यायचा तर तो ०.३ च्या आतच राहणार, हे त्याने बोटाने फिरवून बघितलं. यावर बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता, घाई केली असती तर पुढचं सगळं परत पाठांतर झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मुलगी घरून अजून एक रीत घेऊन आली, आबांची. आबा डेअरीत उभ्या उभ्या तोंडी हिशेब करतात. ७.४ म्हणजे साडेसातला १०० मिली कमी. साडेछत्तीस सत्ते २५५.५०, वर अर्ध्या लिटरचे १८.२५, झाले २७३.७५, त्यातून १०० मिलीचे ३.६५ वजा, २७०.१०. पेन नाही, कागद नाही. आबांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ केलेली आहे, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढासुद्धा. हे पाढे आणे आणि शेराच्या जमान्याचे, रुपयाचे १६ आणे होते तेव्हा पाव, अर्धा, पाऊण हेच भाग रोजच्या वापरात होते. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मग शेर-छटाक जाऊन किलो-लिटर आले, आणि हे पाढे हळूहळू शाळेतून मागे पडले. सगळे परत पाठ करून घ्या असं माझं म्हणणं नाही. पण ०.२५, ०.५, ०.७५, १.५, २.५ हे आकडे दिसले की पाव, अर्धा, पाऊण, दीड, अडीच असं मनात आलंच पाहिजे. २.५ × ०.४ ला उभी मांडणी करणारा मुलगा अडीचची चार पट दहा हे जाणतो, मग तिचा दहावा भाग एक हे त्याला मांडणी न करता यायला हवं.

आबांच्या रीतीवरून मुलांना चेव आला आणि एकीने विचारलं, एकाला दुप्पट आणि दुसऱ्याला निम्मं केलं तर? ३६.५ ची दुप्पट ७३, ७.४ चे निम्मे ३.७. ७३ × ३.७ = २७०.१. आता इथं पॉईंटनंतर एकच घर होतं, तरी उत्तर तेच. २७०.१ आणि २७०.१० एकच आहेत हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्याच रकमेकडे एकदा दोन घरांच्या वाटेने आणि एकदा एका घराच्या वाटेने पोचल्यावर ते खरं वाटतं.

एवढ्या पद्धतींनी मुलं गोंधळणार नाहीत का, हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. सगळ्या एका तासात दिल्या तर गोंधळतातच. इथं गोंधळ झाला नाही याचं कारण मला तरी असं दिसतं की आकडे बदलले नाहीत. तेच ३६.५, तेच ७.४, तीच स्लिप, आणि उत्तर काय यायला पाहिजे हे आधीच ठरलेलं, त्यामुळे लक्ष फक्त वाटेवर राहिलं. परीक्षेत मी त्यांना उभी मांडणीच करायला सांगते, ती सगळ्यात कमी जागेत होते आणि मोठ्या आकड्यांना तीच बरी पडते. फक्त सोडवायच्या आधी समासात अंदाज लिहायचा, "२५२ ते २९६ च्या मधे" असा, आणि पॉईंट दिल्यावर त्याच्याशी ताडून बघायचं.

आठवड्याभराने त्याच स्लिपवरचं दुसरं गणित दिलं, या दुधात फॅट किती ग्रॅम. दूध पाण्यापेक्षा थोडं जड, लिटरला साधारण १.०३ किलो धरतात. ७.४ × १.०३ = ७.६२२ किलो. फॅट ३.५ म्हणजे शंभरात साडेतीन, ०.०३५. मग ७.६२२ × ०.०३५. मुद्दाम अवघड घेतलं, तीन आणि तीन घरं, आणि ७६२२ × ३५ = २६६७७०, शेवटी परत शून्य.

मुलीने समासात लिहिलं, "७ किलोला २४५ ग्रॅम, ८ ला २८०, मधे पाहिजे." उत्तर ०.२६६७७० किलो, खाली २६७ ग्रॅम. २७.०१ वाल्याचंही बरोबर, त्याने शून्य शेवटपर्यंत हातात धरून ठेवलं होतं.

चुकला तो आधी २७०.१० लिहिणारा. ०.०२६६७७. घरं त्याने बरोबर सहाच मोजली, पण शून्य आधी काढलं होतं, आणि समास कोरा. साडेसात किलोच्या वर दूध आणि फॅट सत्तावीस ग्रॅम, हे वाचून दाखवलं तरी त्याला खटकलं नाही, कारण किती असायला पाहिजे याचा त्याने विचारच केला नव्हता. नियम येतो त्यामुळे अंदाजाचा त्याला कंटाळा येतो. त्याला सध्या मी उभी मांडणी करूच देत नाही. अंक गुणून मीच देते, २६६७७०, २७०१०, २९१३७१२२ असे, आणि त्याने घरं न मोजता फक्त पॉईंट द्यायचा आणि तिथंच का ते लिटर, किलो नाहीतर रुपयात सांगायचं. पहिली काही उत्तरं "कारण नियम" अशी आली. कालच्यात ०.४५ × ८.२ ला, ३६९० दिल्यावर, त्याने लिहिलंय, "आठच्या निम्म्याला थोडं कमी, म्हणून ३.६९०."